तह जमले, मने जमली नाहीत

२० ऑगस्ट १८२२. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दारात एक शवपेटिका येऊन थांबली. आत चिरनिद्रा घेत होता तो दहा वर्षे इंग्लंडचे परराष्ट्र खाते सांभाळणारा, नेपोलियनच्या पाडावानंतर विस्कटलेल्या युरोपची घडी बसवणारा मंत्री. एवढ्या मोठ्या माणसाच्या अंत्ययात्रेला गर्दी होणारच. गर्दी होतीही. पण पेटी आत नेली जात असताना त्या गर्दीतून जी आरोळी उठली ती दुःखाची नव्हती, आनंदाची होती. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, ही रीत इंग्रजांकडेही आहे. ती त्या दिवशी लोकांनी मोडली.

हा मंत्री म्हणजे रॉबर्ट स्ट्युअर्ट, लॉर्ड कॅसलरे. शाळेतल्या इतिहासात व्हिएन्ना परिषदेच्या धड्यात त्याचे नाव येते, पण ऑस्ट्रियाचा मेटरनिख आणि फ्रान्सचा तालेराँ या दोन चतुर, बोलक्या मुत्सद्द्यांच्या मागे कुठेतरी ते उभे असते. मला मात्र या तिघांमध्ये कुतूहल वाटत आले ते कॅसलरेबद्दलच. शत्रूची बाजू समजून घेण्यात ज्याचा हात कोणी धरू शकत नव्हता, त्याला स्वतःची बाजू आपल्याच लोकांना कधी समजावून सांगता आली नाही. असे का झाले? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या आयुष्यातच शोधावे लागते.

आयर्लंडचा मुलगा

१७६९ हे साल युरोपच्या इतिहासात भाग्याचे म्हणायचे की दुर्दैवाचे, कोण जाणे! त्या एका वर्षात नेपोलियन जन्मला, त्याला वॉटर्लूवर हरवणारा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन जन्मला, आणि १८ जूनला डब्लिन शहरात कॅसलरेही जन्मला. पुढे वॉटर्लूची लढाई झाली तीही १८ जूनलाच, त्याच्या शेहेचाळिसाव्या वाढदिवशी.

त्याचे घराणे मूळचे स्कॉटिश, प्रॉटेस्टंटांतल्या प्रेस्बिटेरियन पंथाचे, आयर्लंडच्या उत्तरेला काउंटी डाउनमध्ये स्थायिक झालेले जमीनदार. स्ट्रँगफर्डच्या खाडीकाठी माउंट स्ट्युअर्ट ही त्यांची गढी. मूल जेमतेम वर्षाचे असताना आई बाळंतपणात गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आई लॉर्ड कॅम्डेनची मुलगी होती. त्या घराण्याच्या ओळखीचा रॉबर्टला पुढे बराच उपयोग झाला. पंधरा-सतरा वर्षांचे ते वय. एकदा खाडीत त्याची होडी उलटली. बरोबर एक लहान मुलगा होता. मदत येईपर्यंत रॉबर्टने त्या मुलाला पाण्यावर धरून ठेवले. आरडाओरडा नाही, गोंधळ नाही. ही शांतवृत्ती त्याच्या स्वभावात अगदी शेवटच्या काही दिवसांपर्यंत टिकली. लोकांना मात्र ती थंडपणाची खूण वाटली.

केंब्रिजला तो शिकायला गेला, पण पदवी न घेताच परतला. १७९० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आयर्लंडच्या पार्लमेंटची निवडणूक त्याने लढवली ती सुधारणावादी म्हणून. मतदान दोन महिन्यांहून अधिक चालले आणि वडिलांची तिजोरी जवळजवळ रिकामी झाली. मग फ्रान्समधल्या क्रांतीला रक्ताचा वास येऊ लागला आणि या तरुण सुधारकाच्या मनात गोंधळाची कायमची भीती बसली. लोकांच्या झुंडीपेक्षा वाईट सरकार बरे, असे त्याचे मत बनत गेले. त्याच्या पुढच्या आयुष्यातले चांगले आणि वाईट, दोन्ही या एकाच भीतीतून निघाले, असे मला वाटते.

१७९४ मध्ये त्याने एमिली होबार्टशी लग्न केले. मूलबाळ झाले नाही, पण दोघांचे एकमेकांवाचून पान हलत नसे. त्या काळातल्या उमरावांच्या घरात नवराबायकोचे असे प्रेम हा कौतुकाचा नव्हे, थट्टेचाच विषय होता!

१७९८ मध्ये आयर्लंडमध्ये मोठे बंड झाले. कॅसलरे तेव्हा डब्लिनमधल्या सरकारचा चीफ सेक्रेटरी म्हणून काम पाहत होता. बंडाच्या ऐन धुमाळीत त्याचा वरिष्ठ म्हणून आला तो लॉर्ड कॉर्नवॉलिस, टिपूशी लढलेला आणि बंगालमध्ये कायमधारा पद्धत आणणारा, आपल्या ओळखीचा. बंड निर्दयपणे चिरडले गेले. माउंट स्ट्युअर्टजवळच्या ग्रेॲबीचे धर्मोपदेशक जेम्स पोर्टर यांना तिथेच फाशी दिले गेले. स्ट्युअर्ट घराण्याने मनात आणले असते तर ते वाचले असते, ही सल त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

त्यानंतर आयर्लंडचे पार्लमेंट बरखास्त करून तो देश इंग्लंडला जोडण्याचे काम त्याच्याकडे आले. १७९९ मध्ये हा प्रस्ताव फेटाळला गेला. मग सुरू झाली देवघेव. कुणाला उमरावपद, कुणाला नोकरी, आणि ज्या मतदारसंघांचे प्रतिनिधित्व जाणार होते त्यांच्या धन्यांना मतदारसंघामागे १५ हजार पौंडांची भरपाई. १८०० मध्ये कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडचे पार्लमेंट संपले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर संस्थान विलीन झाले, पण प्रजेला विचारून नव्हे, मानकऱ्यांना खूश करून.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवी. आयर्लंडमधली बहुसंख्य प्रजा कॅथलिक. त्यांना पार्लमेंटमध्ये बसण्याचा अधिकार नव्हता. विलीनीकरणाबरोबर तो मिळेल, अशी आशा कॅसलरेने त्यांच्या पुढाऱ्यांना लावली होती आणि ती त्याने मनापासून लावली होती. राजा तिसरा जॉर्ज आडवा आला. पंतप्रधान पिटने राजीनामा दिला, त्याच्यामागोमाग कॅसलरेनेही दिला. तो अधिकार मिळायला १८२९ साल उजाडले. तोवर आयर्लंडच्या लेखी कॅसलरे म्हणजे देश विकणारा माणूस, हे कायमचे ठरून गेले होते.

वसईचा तह आणि लंडनची शंका

यानंतर कॅसलरेच्या आयुष्यात आपला महाराष्ट्र येतो. १८०२ च्या जुलैमध्ये तो बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर इंग्लंडच्या सरकारचे लक्ष ठेवणारे हे मंडळ. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला, दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी वसईला इंग्रजांशी तह केला. मराठी माणसाला या तहाचे काय सांगावे?

लंडनमध्ये बसलेल्या कॅसलरेला मात्र या तहाचा आनंद झाला नाही. १८०४ मध्ये त्याने या तहावर एक सविस्तर टिपण लिहिले. मराठ्यांच्या घरच्या भांडणात कंपनीने इतके खोल शिरावे काय, पेशव्याला हाताशी धरल्याने इतर सरदार शत्रू होऊन न संपणारे युद्ध गळ्यात पडणार नाही काय, अशा त्याच्या शंका होत्या. त्याला मराठ्यांचा पुळका होता, असे नव्हे. दुसऱ्याच्या राज्यात हात घालण्याचा खर्च तो हिशेबी नजरेने मोजत होता. पण त्या काळात हिंदुस्थानचे पत्र लंडनला पोचायलाच काही महिने लागत. त्याच्या शंका कागदावर उतरेपर्यंत सप्टेंबर १८०३ मध्ये असईची लढाई होऊन गेली होती, शिंदे आणि भोसल्यांशी तहही झाले होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने लंडनची वाट पाहिलीच नव्हती.

असई जिंकणारा गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ आर्थर १८०५ मध्ये मायदेशी परतला. कॅसलरे तोवर युद्धमंत्री झाला होता. सप्टेंबरात त्याला भेटायला गेलेला आर्थर कचेरीच्या बाहेरच्या खोलीत वाट पाहत बसला असता तिथे आणखी एक गृहस्थ ताटकळत होते. ते होते ॲडमिरल नेल्सन. या दोघांची आयुष्यातली ती एकुलती एक भेट. पुढच्याच महिन्यात ट्राफल्गरला नेल्सन पडला. या नव्या, हिंदुस्थानातून आलेल्या सेनापतीवर विश्वास टाकून त्याला पोर्तुगालमध्ये पाठवण्याचा आग्रह ज्यांनी धरला त्यांत कॅसलरे पुढे होता. माणसाची पारख त्याला होती, यात शंका नाही.

प्रतिस्पर्ध्याच्या बाबतीत मात्र तो गाफील राहिला. परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग हा फर्डा वक्ता, कॅसलरेच्या अगदी उलट. कॅसलरे बोलायला उभा राहिला की वाक्यांची गुंतवळ व्हायची, उपमा एकमेकींत अडकायच्या आणि सभागृहात हशा पिकायचा. १८०९ मध्ये हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या वाल्खरेन बेटावर सुमारे ४० हजार सैनिकांची मोहीम गेली आणि तिथल्या तापाने सुमारे ४ हजार जण मेले. या मोहिमेची आखणी कॅसलरेच्या खात्याची. पण तिचा निकाल लागण्याआधीच, त्याला मंत्रिमंडळातून काढावे असे कॅनिंगने पंतप्रधानांकडून पाठीमागे कबूल करून घेतले होते. सहकारी रोज शेजारी बसत होते आणि कुणी बोलत नव्हते. हे कळल्यावर थंड डोक्याचा हा माणूस पेटला. २१ सप्टेंबर १८०९ च्या सकाळी पटनी हीथच्या माळावर दोन मंत्री पिस्तुले घेऊन समोरासमोर उभे राहिले. पहिल्या फैरीत दोघेही चुकले. दुसऱ्या फैरीत कॅनिंगच्या मांडीत गोळी घुसली. दोघांचीही मंत्रिपदे गेली. याच कॅनिंगचा मुलगा १८५७ च्या उठावाच्या वेळी आपल्याकडे गव्हर्नर जनरल होता.

व्हिएन्नाची बैठक

१८१२ मध्ये कॅसलरे परराष्ट्रमंत्री म्हणून परतला. राजा वेडा झालेला, युवराज राजप्रतिनिधी म्हणून गादी चालवत असलेला, असा तो रीजन्सीचा काळ. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पंतप्रधान पर्सिव्हल यांचा पार्लमेंटच्या आवारातच खून झाला आणि कॉमन्स सभागृहात सरकारची बाजू मांडण्याचे ओझेही कॅसलरेवर आले. एका खांद्यावर युरोप, दुसऱ्यावर पार्लमेंट. हे ओझे दहा वर्षे उतरले नाही.

१८१४ च्या जानेवारीत तो स्वतः युरोपात गेला. पदावर असलेला इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री वाटाघाटीसाठी असा परदेशी जाणे, हे नवलच होते. रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया हे मित्र खरे, पण प्रत्येकाचा डोळा दुसऱ्याच्या ताटावर. मार्चमध्ये शोमाँला त्याने चौघांची मोट बांधली. प्रत्येकी दीड लाख सैन्य, इंग्लंडकडून त्या वर्षी ५० लाख पौंडांची मदत आणि कुणीही एकट्याने नेपोलियनशी तह करायचा नाही.

त्यानंतर सप्टेंबरात व्हिएन्नाला सगळे राजेरजवाडे जमले. नाच, मेजवान्या, शिकारी यांची नुसती चंगळ. एका नृत्याला एमिलीबाई नवऱ्याच्या गार्टर या मानाच्या पदवीचे भूषण केसांत माळून आल्या आणि सगळे व्हिएन्ना हसले. नवरा मात्र बंद खोल्यांत नकाशे मांडून बसला होता. झार अलेक्झांडरला पोलंड हवा होता, प्रशियाला संपूर्ण सॅक्सनी. पुन्हा युद्धाची भाषा सुरू झाली. तेव्हा ३ जानेवारी १८१५ रोजी कॅसलरेने ऑस्ट्रिया आणि फ्रान्स यांच्याशी गुप्त करार केला. होय, फ्रान्सशी! वर्ष उलटायच्या आत कालचा शत्रू त्याने आजच्या मित्रांविरुद्ध शेजारी बसवला. झार नरमला, प्रशियाने सॅक्सनीच्या काही भागावर समाधान मानले. याच परिषदेत फेब्रुवारीत गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा जाहीरनामाही निघाला. त्यामागे इंग्लंडमधल्या लाखो लोकांच्या सह्यांचा रेटा होता.

वॉटर्लूनंतर तर सूड घ्यायला सगळेच उतावीळ झाले. फ्रान्सचे लचके तोडा, अशी मागणी प्रशियाची होती आणि लंडनचे लोकमतही त्याच बाजूचे होते. कॅसलरे आणि वेलिंग्टन या दोघांनी ती रोखून धरली. ७० कोटी फ्रँक दंड आणि काही वर्षे परकी फौजा एवढ्यावर फ्रान्सची सुटका झाली. १८१८ मध्ये त्या फौजाही परत गेल्या आणि फ्रान्सला बरोबरीच्या पंगतीत बसवले गेले. आपल्याला सुरक्षित राहायचे तर शेजाऱ्याला अपमानात ठेवून चालत नाही, हे त्याचे गणित. १९१९ मध्ये जर्मनीच्या बाबतीत हे गणित मांडले गेले नाही आणि त्याची किंमत जगाने वीस वर्षांत मोजली. व्हिएन्नानंतर मात्र सगळा युरोप एकाच वेळी पेटला तो थेट १९१४ मध्ये.

याच १८१८ मध्ये इकडे पेशवाई बुडाली. बोर्ड ऑफ कंट्रोलच्या खुर्चीवर तेव्हा बसला होता जॉर्ज कॅनिंग. युरोपात कुणी फार मोठे होऊ नये म्हणून तोल सांभाळणारा इंग्लंड हिंदुस्थानात मात्र तराजूच उचलून नेत होता. शत्रूला पंगतीत बसवण्याचे औदार्य समुद्र ओलांडून इथे आले नाही, ही नोंद आपण करायलाच हवी.

१८२० मध्ये स्पेनमध्ये क्रांती झाली. रशिया आणि ऑस्ट्रिया यांना क्रांती दिसेल तिथे फौजा घालायच्या होत्या. कॅसलरेने मे महिन्यात एक खलिता काढून त्यांना बजावले की, दुसऱ्या देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करणे हे या युतीचे कामच नव्हे. वसईच्या तहाबद्दल सोळा वर्षांपूर्वी त्याने काढलेल्या शंकेचेच हे मोठे रूप. पण हा खलिता गुप्त होता. लोकांना दिसत होता तो फक्त जुलमी राजांच्या मांडीला मांडी लावून बसणारा मंत्री.

घरचा आहेर

आणि घरी काय चालले होते? युद्ध संपले तशी बेकारी वाढली, धान्य महागले. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानावर मताचा हक्क मागायला सुमारे ६० हजार माणसे बायकामुलांसह जमली. त्यांच्यावर घोडेस्वार घातले गेले. दहाहून अधिक जण मेले, शेकडो जखमी झाले. सरकारने चौकशी करण्याऐवजी सभा आणि वृत्तपत्रे यांचा गळा आवळणारे सहा कायदे केले. हा कारभार गृहमंत्री सिडमथचा. पण तो उमरावांच्या सभागृहात बसे. कॉमन्समध्ये उभे राहून प्रत्येक गोष्टीचे समर्थन करायचे ते कॅसलरेने. त्याने ते निर्विकार चेहऱ्याने केले आणि देशाच्या मनात त्या रक्ताला त्याचाच चेहरा चिकटला. कवी शेलीने त्या हत्याकांडावर लिहिलेल्या कवितेत त्याला खुनाचे रूप दिले. बायरनने तर मेल्यावरही त्याला सोडले नाही.

हे कवींचे अन्याय होते, असे म्हणून मी कॅसलरेला सोडवू इच्छित नाही. ते कायदे त्याला खरोखर पटलेले होते. व्हिएन्नात झारच्या मनात काय आहे हे ओळखणाऱ्या या माणसाने मँचेस्टरच्या विणकराच्या मनात शिरण्याचा कधी प्रयत्न केला नाही. टेबलापलीकडे बसलेला शत्रू त्याला माणूस दिसे. मैदानात जमलेले लोक त्याला फक्त झुंड दिसत. तिथे त्याचे मुत्सद्दीपण संपत होते.

फेब्रुवारी १८२० मध्ये सगळ्या मंत्रिमंडळाला जेवणाच्या टेबलावरच कापून काढण्याचा केटो स्ट्रीटचा कट उघडकीस आला. रस्त्यात लोक शिव्या देत. लोकप्रियता नसली म्हणजे गृहस्थाला शोभते, अशा अर्थाचे तो काहीतरी बोले आणि पुढे चालू लागे. पण आत काय साठत होते?

१८२२ च्या उन्हाळ्यात ते बाहेर पडले. सारखा थकवा, झोप नाही. सगळे आपल्या विरुद्ध कट करत आहेत, आपल्यावर भयंकर आरोप येणार आहे, असे भास होऊ लागले. ९ ऑगस्टला राजा चौथा जॉर्ज आणि वेलिंग्टन या दोघांनाही त्याने असेच काहीबाही सांगितले. तुमचे मन ठिकाणावर नाही, असे वेलिंग्टनने जुन्या मैत्रीच्या हक्काने स्पष्ट सांगितले आणि त्याच्या डॉक्टरलाही कळवले. केंटमधल्या नॉर्थ क्रेच्या घरी त्याला विश्रांतीसाठी नेले. डॉक्टर घरातच राहिला, धोक्याच्या वस्तू लपवल्या गेल्या. तरीही १२ ऑगस्टच्या सकाळी त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. वय त्रेपन्न.

आज आपण याला मनाचा आजार म्हणतो आणि त्यावर उपचार असतात हेही जाणतो. तेव्हा आत्महत्या हा गुन्हा होता. भ्रमिष्टपणाच्या भरात झाले, असा पंचांनी निवाडा दिला म्हणून त्याला ॲबीत जागा मिळाली. गरिबाला असा निवाडा सहजी मिळाला असता का, हा लोकांचा प्रश्नही खोटा नव्हता. ज्यांना तो मिळत नसे त्यांना रात्री हमरस्त्यावर पुरण्याची क्रूर चाल पुढच्याच वर्षी कायद्याने बंद झाली.

कॅनिंग त्या वेळी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानला निघण्याच्या तयारीत होता. त्याने बेत रद्द केला आणि आपल्या जुन्या वैऱ्याची परराष्ट्रमंत्र्याची खुर्ची घेतली. दुसऱ्यांच्या कारभारात ढवळाढवळ न करण्याचे कॅसलरेचे धोरण त्याने जाहीर भाषणांतून मांडले आणि टाळ्या मिळवल्या. सावत्र भावाने कॅसलरेचा पत्रव्यवहार बारा खंडांत छापला तो १८४८ नंतर. विसाव्या शतकात वेबस्टरसारख्या इतिहासकारांनी कागद चाळले आणि १९५७ मध्ये हेन्री किसिंजर यांनी त्याच्यावर व मेटरनिखवर ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे त्याच्या कामाची खरी उंची जगाला दिसली.

सव्वाशे-दीडशे वर्षांनी मिळालेला हा न्याय अर्धाच आहे आणि तो अर्धाच असावा, असे मला वाटते. फ्रान्सला वाचवणारा कॅसलरे खरा होता, तसा मँचेस्टरच्या जखमींकडे पाठ फिरवणाराही खराच होता. पण एक गोष्ट मनातून जात नाही. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याशी बोलायचे मात्र नाही, लोकांना समजावून सांगणे म्हणजे कमीपणा, ही वृत्ती राज्यकर्त्यांत असते, तशी घराघरांतल्या कर्त्या माणसांतही असते. असे लोक सगळ्यांचे ओझे वाहतात, कुणाला काही सांगत नाहीत, आणि एक दिवस घरातल्यांना कळते की, या माणसाला आपण ओळखतच नव्हतो. एमिलीबाईंना तरी तो पूर्ण कळला होता का?